नेम आणि नळी

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, गियासुद्दीन तुघलकाने चौदाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेल्या किल्ल्याच्या परिसरात, नेमबाजीचे एक विस्तीर्ण मैदान आहे. १९८२ साली राजधानीत नववे आशियाई क्रीडासामने भरले, त्या निमित्ताने ते उभे राहिले. आणि १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णीसिंह यांचे नाव त्याला देण्यात आले. हिवाळ्यातील एखाद्या सकाळी येथे धुके विरळ होण्याची वाट पाहत नेमबाज बसलेले असतात. जाड कातडी कोट अंगात, डोळ्यावर पट्टी, आणि समोर पन्नास मीटरवर एक पांढरा कागदी चौकोन. मग एकेक आवाज होऊ लागतो. बंदुकीचा आवाज ज्यांनी केवळ चित्रपटात ऐकला असेल, त्यांना हा आवाज अगदीच किरकोळ वाटेल. सुक्या लाकडाची काटकी मोडावी, तसा तो असतो.

नेमबाजाच्या शेजारी एक छोटासा पडदा असतो. गोळी सुटताच तिचा गुण त्यावर उमटतो. १०.५, १०.४, १०.६, आणि मग एकाएकी ९.७. नेमबाज बंदुकीवरून गाल उचलतो आणि त्या आकड्याकडे पाहत राहतो. केंद्रापासून गोळी जेमतेम एक सेंटिमीटर ढळली आहे. पण ती कोणी ढळविली? त्याच्या श्वासाने, वाऱ्याच्या झुळकीने, काडतुसाने, की बंदुकीच्या नळीने?

आपल्याकडे ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ अशी एक म्हण आहे. स्वतःचा दोष साधनावर ढकलणाऱ्यासाठी ती योजिली जाते, आणि बहुतेक वेळा ती योग्यच असते. तथापि नेमबाजीच्या विद्येत मौज अशी आहे की, येथे अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते. आणि ते वाकडे आहे की नाही, हे ठरविल्यावाचून नाचणाऱ्याला आपला दोष कळूच शकत नाही. अचूकतेचे शास्त्र म्हणतात ते मुख्यतः हे अंगण तपासण्याचे शास्त्र होय.

या खेळाचा भारतातील आरंभ एका मराठी घराण्यातील पुरुषाच्या नावाशी जोडलेला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर. घराणे मूळचे रत्नागिरीकडील मावळंगे गावचे, आयुष्य गेले अहमदाबादेत. गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या या गृहस्थाने रायफलींच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात प्रथमदर्शनी विसंगती वाटेल. पण परकीय सरकारच्या १८७८ च्या कायद्याने ज्या देशात सामान्य माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते, तेथे स्वतंत्र नागरिकाने शस्त्र हाती धरावे ते शिस्तीने आणि जबाबदारीने, हा विचार त्या काळी स्वाभाविक होता. मावळणकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा पुढे चालू झाली, आणि देशातील असंख्य नेमबाजांनी मोठ्या मैदानावरची पहिली गोळी तीतच झाडली.

आता त्या कागदी चौकोनाकडे वळावे. पन्नास मीटरच्या रायफलस्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाहूनही लहान. गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर. गोळीची कड त्या वर्तुळाला नुसती स्पर्शली तरी दहा गुण मिळतात, आणि गणित केले तर असे दिसते की, गोळीचा मध्यबिंदू केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. अंतिम फेरीत गुणांचे दशांशही मोजले जातात. एकेका दशांशाची किंमत ०.८ मिलिमीटर. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्याचे गुण होते ४५१.४. ते चव्वेचाळीस गोळ्यांचे होते. म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून झाडलेल्या गोळ्यांची सरासरी १०.२६ पडते. ज्या खेळात पदकाचा निर्णय एवढ्याशा कसराने होतो, त्या खेळात काडतुसाने आपल्या पदरची चूक किती घालावी, याला मर्यादा असणारच.

ही चूक कशी पडते ते पाहण्याजोगे आहे. या रायफलीची गोळी शुद्ध शिशाच्या जवळपासची, सुमारे अडीच ग्रॅम वजनाची. ती ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी वेगाने, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर या गतीने निघते. हा वेग मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते. नळीच्या आत सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. सुमारे चाळीस सेंटिमीटरमध्ये एक फेरा, असा त्यांचा पीळ असतो. आणि त्यामुळे बाहेर पडणारी गोळी सेकंदाला आठशेच्या आसपास गिरक्या घेत जाते. भोवरा फिरतो तोवर सरळ उभा राहतो, तशी ती या फिरण्यामुळे आपले नाक पुढे ठेवते. पन्नास मीटर काटावयास तिला सेकंदाच्या षष्ठांशाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत पृथ्वी तिला सुमारे बारा सेंटिमीटर खाली ओढते. एवढे पडणे दृष्टीच्या यंत्रात धरलेलेच असते. पण एका काडतुसाचा वेग दुसऱ्याहून केवळ एक टक्का कमी भरला, तर गोळी आणखी सुमारे अडीच मिलिमीटर खाली जाते. म्हणजे नेमबाजाने काहीही न चुकता तीन दशांश गुण गेले. येथे प्रश्न जोराचा नाही. गोळी वेगवान असो की मंद, ती प्रत्येक वेळी सारखीच असली पाहिजे. अचूकता या शब्दाचा तांत्रिक अर्थ एकसारखेपणा एवढाच आहे.

मग हा एकसारखेपणा आणावयाचा कसा? जुन्या काळी हे काम नेमबाजाच्याच हाती असे. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे लगेच ध्यानात येईल. दारू मापाने ओतावयाची, वर बोळा ठासावयाचा, मग गोळी किंवा छर्रे, आणि पुन्हा बोळा. दारू चिमूटभर अधिक झाली, किंवा गज एकदा हलका आणि एकदा जोराने मारला, तर बार वेगळा होणार. प्रत्येक बार हा त्या माणसाच्या हाताचा असे. पुढे धातूच्या पुंगळीत टोपी, दारू आणि गोळी एकत्र बसविलेले काडतूस आले, आणि हे काम कारखान्याकडे गेले. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून असा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथेही सैन्याची काडतुसे तयार होतात. सैनिकी काडतुसाकडून पहिली अपेक्षा ही की, चिखलात, उन्हात, बर्फात ते हटकून उडाले पाहिजे. स्पर्धेतील नेमबाजाची अपेक्षा याहून निराळी; त्याला हजारावे काडतूस पहिल्यासारखे हवे असते.

मोठ्या बोअरच्या रायफलींत या अपेक्षेपोटी हाताने काडतुसे भरण्याची जुनी कला पुन्हा परतली आहे. दिल्लीलगत गुरुग्राम जिल्ह्यात कादरपूर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे मैदान आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील मोठ्या बोअरच्या रायफलींचे सामने तेथे झाले. या प्रकारात ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत नेम धरावा लागतो. हजार यार्डांवर जाईपर्यंत गोळी कित्येक मीटर खाली पडते, आणि वेगात एक टक्क्याचा फरक पडला तर लक्ष्यावर तो वीतभर होऊन दिसतो. म्हणून जगातील अनेक देशांत असे नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात. एकदा उडालेली पितळी पुंगळी ते टाकून देत नाहीत. बाराच्या दाबाने ती फुगते आणि आपल्याच बंदुकीच्या घराचा आकार घेते. जणू शिंप्याने अंगावर घालूनच माप घ्यावे. मग ती स्वच्छ करून, तिचे तोंड पुन्हा मापात आणून, जुनी टोपी काढून नवी बसवितात. पुंगळ्या वजनाने निवडतात, त्यांच्या मानेची जाडी सर्व बाजूंनी सारखी आहे की नाही हे पाहतात. दारू सोनाराच्या काट्याहून नाजूक काट्यावर तोलतात. शेवटी गोळी किती आत बसवावी, म्हणजे ती खाचांना भिडण्यापूर्वी किती अंतर धावेल, हे ठरवितात. आणि तेवढेच अंतर प्रत्येक काडतुसात राखतात.

हे काम चित्त थाऱ्यावर ठेवून करावयाचे आहे. मापापेक्षा अधिक दारू पडली, किंवा एका जातीच्या दारूऐवजी दुसरी पडली, तर बंदूक नेमबाजाच्या तोंडापाशीच फुटू शकते. म्हणून जाणते लोक दारूच्या कारखान्याने छापलेल्या कोष्टकाबाहेर जात नाहीत, आणि मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात. शिवाय भारतात काडतुसे तयार करावयास १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. कोणी हौसेखातर घरी करून पाहावी, अशी ही गोष्ट नव्हे.

पण तुघलकाबादच्या त्या पन्नास मीटरच्या नेमबाजाला हा मार्गच बंद आहे, आणि तो कायद्याइतकाच काडतुसाच्या रचनेने बंद केलेला आहे. त्याच्या छोट्या काडतुसाला मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या पोकळ काठात भरलेले असते, आणि बंदुकीची सुई त्या काठावरच आघात करते. याला ‘रिमफायर’ म्हणतात. एकदा आघात झाला की काठ चेपला. ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तेव्हा नेमबाजाच्या हाती भरणे नाही, निवडणे आहे.

ही निवड कशी करतात, ते आपल्या स्वयंपाकघरातील दाखल्याने चटकन कळेल. दिवाळीत चकल्या तळताना भाजणी तीच, सोऱ्या तोच, हातही तोच. तरी एक घाणा खुसखुशीत उतरतो आणि दुसरा थोडा कडक. काडतुसांच्या कारखान्यातही असे घाणे निघतात. त्यांना ‘लॉट’ म्हणतात, आणि प्रत्येक डबीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. इंग्लंडात बर्मिंगहॅमला, जर्मनीत शोनेबेकला तयार होणारी काडतुसे जगभरचे नेमबाज वापरतात. पण उत्तम काडतुसांच्या दोन लॉटांमध्येही फरक असतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या नळीला मानवेलच असे नाही, मग त्या दोन्ही नळ्या एकाच यंत्रावर कोरलेल्या का असेनात. बार होताना नळी तारेसारखी कंप पावते, आणि त्या कंपाच्या कोणत्या क्षणी गोळी तोंडातून सुटते, यावर तिची दिशा अवलंबून असते. तो मेळ आधी कोणाला सांगता येत नाही. प्रयोग करूनच पाहावा लागतो.

म्हणून रायफल लोखंडी पकडीत घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास आणि नाडी हे तिन्ही वजा होतात. मग एकेका लॉटाच्या गोळ्या झाडून त्यांचा पुंजका किती व्यासाचा पडला, ते मोजतात. ज्या लॉटाचा पुंजकाच सोळा मिलिमीटर पसरतो, त्याने दहाच्या वर्तुळातील सारी जागा स्वतःच व्यापली; नेमबाजाच्या चुकीला तेथे तसूभरही जागा उरली नाही.

या परीक्षेत एक मोह लपलेला आहे. पाच गोळ्या झाडल्या आणि योगायोगाने त्या एकाच भोकात गेल्या, की नेमबाज हरखून जातो. तो कागद जपून ठेवतो, चार जणांना दाखवितो आणि त्याच लॉटाच्या हजारो गोळ्या मागवितो. पण फासे टाकताना तीनदा सहा पडले म्हणून चौथ्यांदाही सहाच पडेल, असे नाही. पाच गोळ्यांवर काहीच सिद्ध होत नाही. दहा-दहा गोळ्यांचे अनेक पुंजके पाहावे लागतात, आणि त्यांतील सर्वांत वाईट पुंजक्याला सर्वांत चांगल्याइतकेच महत्त्व द्यावे लागते. परदेशी काडतुसे महाग, आणि खेड्यातून आलेल्या मुलाच्या घरी प्रत्येक गोळीचा हिशेब होत असतो. अशा वेळी परीक्षेत गोळ्या खर्च करणे ही उधळपट्टी वाटते. वास्तविक न तपासलेल्या लॉटावर वर्षभर सराव करणे हीच मोठी उधळपट्टी आहे. कारण त्या वर्षात आपला नेम का चुकत होता, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता नळीची निगा. शिशाची मऊ गोळी पोलाद फारसे झिजवीत नाही. किंबहुना झाडण्यापेक्षा साफ करण्यानेच अधिक नळ्या खराब होतात, असे जाणते बंदूक-कारागीर सांगतात. नळीच्या तोंडाची कड हे तिचे सर्वांत नाजूक स्थान. गोळीला शेवटचा स्पर्श या कडेचा होतो. ही कड एका बाजूला केसभर जरी खरवडली, तरी गोळीमागून सुटणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलता धक्का देतो. म्हणून गज तोंडाकडून घालू नये. तो मागून, आणि मार्गदर्शक नळीच्या आधाराने घालावा, म्हणजे तो वाकून खाचांना घासत नाही. ओल्या फडक्याने मळ सैल करावा, थोडा वेळ थांबावे, मग कोरडी फडकी एकाच दिशेने काढावीत. रिमफायर नळीत काडतुसाच्या घराच्या अगदी पुढे जळक्या काजळीचे एक कठीण कडे साचते. ते साध्या फडक्याने निघत नाही, आणि तेच पुष्कळदा बिघडलेल्या नेमाचे मूळ असते. मोठ्या बोअरच्या रायफलीत गोळीला तांब्याचे वेष्टन असते. तेथे तांब्याचा लेप बसतो, आणि त्याला वेगळे द्रावक लागते.

जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काळात सैनिक गोळीबार संपताच नळीतून उकळते पाणी ओतीत. त्या काळच्या टोपीतील द्रव्य जळल्यावर मिठासारखा क्षार मागे राहत असे. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तसा हा क्षार हवेतील ओल ओढून घेई, आणि एका रात्रीत नळीला गंज धरे. तेल त्या क्षाराला विरघळवीत नाही, पाणीच विरघळविते. ठासणीच्या बंदुकीचा कोकणातील धनी आजही गरम पाण्याने नळी धुतो, त्याचे कारण याच जातीचे आहे. हल्लीच्या स्पर्धेच्या काडतुसांत तसले द्रव्य नसते. तेव्हा जुन्या सवयीने रोज नळी घासत बसणे निरर्थक होय. उलट अगदी स्वच्छ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच जातात. काडतुसावरील मेणाचा पातळ थर नळीत पुन्हा सारखा पसरला, म्हणजे ती ताळ्यावर येते. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री नळी लख्ख करून उत्साहाने मैदानात येणारा नवखा हमखास फसतो.

दिल्लीची हवा या साऱ्याची आणखी परीक्षा घेते. जानेवारीच्या सकाळी बोटे बधिर होतात, तसेच काडतुसावरील मेणही कडक होते. आणि थंड दारू जरा मंद जळते. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लाटांत लक्ष्य पाण्यातल्यासारखे हलू लागते. हिवाळ्यात निवडलेला लॉट उन्हाळ्यात तसाच वागेल, हे गृहीत धरता येत नाही. शहाणा नेमबाज एक वही ठेवतो. तारीख, तापमान, लॉटाचा क्रमांक, नळी कधी साफ केली, त्यानंतर किती गोळ्या झाल्या, आणि गुण किती, एवढे तो तीत लिहितो. वर्षअखेरीस ती वही वाचताना कितीतरी गोष्टी उलगडतात. वाऱ्यावर घातलेला दोष काजळीचा होता. बंदुकीवर घातलेला दोष घाईचा होता.

या तपासणीचे खरे फळ येथे आहे. नळी पारखली, काडतूस पारखले, तोंडाची कड भिंगाखाली पाहिली, की नेमबाजाला सबबी उरत नाहीत. अंगण सरळ आहे हे त्याला ठाऊक असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पालथे पडून नेमबाजीच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा त्यांनी ६०० पैकी ५९७ गुण घेतले होते. साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गेले. असे गुण नुसत्या चांगल्या बंदुकीने येत नाहीत, आणि वाईट बंदुकीने तर मुळीच येत नाहीत. ज्या नळीवर संशय आहे, तिच्यामागे पडलेला माणूस चाप ओढताना अर्धा कचरतो. जिच्याबद्दल खात्री आहे, तिच्यामागे तो आपले सारे मन श्वासावर ठेवू शकतो.

तुघलकाबादच्या मैदानावर तो ९.७ चा आकडा पाहत बसलेला नेमबाज अखेर आपली वही उघडतो. लॉट तोच आहे, नळी कालच पाहिली होती, झेंडी स्थिर आहे. तो क्षणभर डोळे मिटतो. चाप ओढण्यापूर्वी श्वास जरा लवकर सोडला होता, हे त्याला आठवते. पेन्सिलीने तो तेवढेच टिपून ठेवतो, नवे काडतूस घरात सरकवितो आणि गाल पुन्हा दस्त्यावर टेकवितो.